डोणीतलं पाणी

अष्टमीला सकाळी उठलो तर मूठ मिटेना.
झोपेत हातावर पडलो असेन, म्हटलं.
चहाचा कप उचलला, तसाच बशीत ठेवला,
मग दोन्ही तळव्यांत धरला, लहान पोरं धरतात तसा.

दुपारी ताप आला. चढत नाही आला,
उडी मारून आला.
घोटे, मनगटं, बोटांचं पेर न् पेर
कुणीतरी आतून ठोकत होतं
आणि ठोकणाऱ्याला घडवायचं काहीच नव्हतं.

हे मला कळतं. चाळीस वर्षं ठोकतोय.
घंगाळाला मठार देताना प्रत्येक घाव
आधीच्या घावाच्या कडेला बसवायचा असतो, अंगावर नाही.
हा आडदांड होता.
एकाच जागी, एकाच जागी, एकाच जागी.

शालिनीच्या खांद्यावर हात ठेवून
मोरीपर्यंत वाकून गेलो, वाकूनच परतलो.
डॉक्टर म्हणाले, चिकुनगुन्या.
आफ्रिकेतल्या कुठल्याशा बोलीत नावाचा अर्थच वाकणं.
म्हटलं, आमच्यातही वाकवायच्या आधी तापवतात.
ते हसले, आणि नळीभर रक्त घेतलं.

दसऱ्याला छातीवर, दंडांवर लाल पुरळ,
कुंकवाची डबी सांडून कुणी घाईनं पुसल्यासारखं.
सोनं द्यायला शेजारची पोरं आली,
आपट्याचं पान माझ्या बोटांतून दोनदा पडलं.
पुढे ताप उतरला, सगळे म्हणाले, सुटलात.
दिवाळीच्या तोंडावर नाकाच्या शेंड्यावर काळी झाक आली.
शालिनी म्हणाली, ही काही चिंच-मिठानं निघायची नाही.

त्याच्या आधीच एक दिवस
वनमाला गांगुर्डे आल्या, महापालिकेच्या मलेरिया विभागातल्या,
हातात बॅटरी, काखेत रजिस्टर.
दुकानात एकशे चार भांडी. सगळी पालथी.
मी जरा ताठलोच.
मग त्या मागच्या अंगणात गेल्या.

"ह्या डोणीत काय करता?"
"तापलेलं तांबं बुडवतो."
"शेवटचं कधी बुडवलं?"
बोटांवर मोजायला गेलो,
बोटं मिटली नाहीत.

पितृपक्षात नवं भांडं कुणी नेत नाही.
भट्टी गार होती. नवरात्रात होता तोच माल खपवला.
काळ्या दगडाची डोणी,
थेंब झिरपत नाही म्हणून मी गिऱ्हाइकांना मिरवून दाखवायचो.
रोज लालबुंद पत्रा चर्र करून आत शिरायचा
तोवर त्या पाण्यात उतरायची कुणाची हिंमत नव्हती.

त्यांनी पळीभर पाणी घेतलं, बॅटरी धरली.
तारेचे छाटलेले बारीक तुकडे, वाटलं.
तुकडे वळवळत होते.

"दिवसा चावतो हा. पायांवर पांढरे पट्टे."
म्हणजे त्यालाही उजेडातच काम करावं लागतं, आमच्यासारखं.

आळीत सतरा घरं. अकरा घरांत
कुणी ना कुणी भिंत धरून चालत होतं.
विचारलं, सगळे माझ्याच डोणीतून गेले का?
त्या लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"डास पत्ता सांगून जात नाही, काका."

तिघांनी मिळून डोणी कलती केली.
मी चौथा, नुसता उभा.
पाणी सराफ बाजाराच्या उताराला लागलं,
मी ते वळणापर्यंत बघत राहिलो.

आता फाल्गुन आहे.
सकाळी बोटं उघडायला अर्धा तास आणि तांब्याभर गरम पाणी.
सगळ्यात हलकी हातोडी,
दहा घाव. मग थांबायचं.
दर बुधवारी डोणी रिकामी, घासून, उन्हात.

समोरच्या उंबरात तांबट पक्षी बसलाय.
टुक टुक टुक टुक, थांबायचं नाव नाही.
शालिनी म्हणते, लक्ष देऊ नका.
मी मोजतो. एका दमात साठ, सत्तर.
आयुष्यात एक वाटी घडवली नाही बेट्यानं,
पण मनगट बघा.